मदत हवी आहे: नेपल्सच्या जुन्या जॅकेटचा शिंपी आणि चांगला रफूगार

नमस्कार मंडळी,

माझे मोठे काका मर्चंट नेव्हीत होते. 1960च्या दशकात त्यांनी इटलीतल्या नेपल्सला शिवून घेतलेलं लोकरी जॅकेट आता माझ्याकडे आलंय. ते दुरुस्त करून वापरायचंय आणि शिवणारा कोण होता तेही शोधायचंय.

खांद्यात पॅड अजिबात नाही, बाही शर्टासारखी बारीक चुण्या घालून जोडलीय, छातीवरचा खिसा होडीसारखा वर वळलेला, अस्तर अर्धंच. 1930च्या दशकात नेपल्समधल्या रुबिनाचींच्या 'लंडन हाउस' या कपडे शिवणाऱ्या दुकानात विन्चेन्झो अत्तोलिनी या कटरने (कापड बेतणाऱ्याने) कोटातलं भरण काढून ही मऊ पद्धत रूढ केली. पुढे नेपल्सच्या कितीतरी शिंप्यांनी ती उचलली, त्यामुळे एवढ्यावरून नाव सांगता येत नाही. आतल्या खिशावरचं लेबल कुणीतरी उसवलंय, टाक्यांची भोकं तेवढी दिसतात. काजं हाताची आहेत, मागून पाहिलं की प्रत्येक टाका किंचित वेगळा. इतकं देखणं काम करणाऱ्याचं नाव हरवावं हे मनाला पटत नाही.

कोपराजवळ कसर लागलीय. त्याहून मोठी काळजी लॅपलची (कॉलरखालच्या पुढच्या दुमडीची), ड्रायक्लीनिंगमध्ये तो इस्त्रीने पार सपाट झालाय. आतला कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारं जाड कापड, चिकटवलेला नाही, हाताने टाचलेला आहे, म्हणून कुठल्याही अल्टरेशनवाल्याकडे द्यायचा धीर होत नाही.

पुण्या-मुंबईत त्याच कापडाचा धागा काढून रफू करणारं कुणी माहीत आहे का? कॅनव्हासचं काम जाणणारा जुना सूट-टेलर? आणि लेबल नसताना शिंपी ओळखायच्या आणखी काय खुणा असतात? हवे ते फोटो टाकतो.