वेगळी स्पर्धा म्हणजे कमीपणा नव्हे

पत्त्यांना समोरचा खेळाडू स्त्री आहे की पुरुष हे कळत नाही, त्यामुळे स्त्रियांसाठी पोकर या पत्त्यांच्या खेळाची वेगळी स्पर्धा हा त्यांचाच अपमान आहे, हे काहींचे मत मला पटत नाही. नॉर्वेच्या ॲनेट ओब्रेस्टाड हिने २००७ साली, वयाच्या अवघ्या १८व्या वर्षी, ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या प्रतिष्ठित मालिकेच्या युरोपातील आवृत्तीची, स्त्री-पुरुष दोघांना खुली असलेली मुख्य स्पर्धा जिंकली तेव्हाच क्षमतेचा प्रश्न निकालात निघाला होता. खरा प्रश्न खेळाच्या टेबलावर स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीचा आहे. याच मालिकेच्या लास वेगासमधल्या महिला स्पर्धेत पुरुषही उतरू लागले आणि भेदभावविरोधी कायद्यामुळे त्यांना अडवता येईना, म्हणून २०१३ पासून प्रवेश शुल्क १०,००० डॉलर ठेवून स्त्रियांना त्यात ९,००० डॉलरची सवलत देण्याची वेळ आयोजकांवर आली. एवढीशी जागाही अशा आडवाटेने राखावी लागते, याची मला मनापासून चीड येते.

बुद्धिबळाचेच पाहा: आपल्या पुण्यातच एप्रिल २०२५ मध्ये महिलांच्या ग्रां प्री मालिकेतली स्पर्धा झाली. तिथे कोनेरू हंपी जिंकली, आणि त्याच स्पर्धेत तिसरी आलेली नागपूरची दिव्या देशमुख पुढे जुलैमध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. महिलांच्या स्पर्धांत खेळल्याने तिचे नेमके काय कमी झाले, हे विरोध करणाऱ्यांनी कृपया सांगावे.