अनुभव धागा: किट घालताना नाही, काढताना

नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा २०२७ तोंडावर आलाय, म्हणजे गर्दी आणि साथीची धास्ती. माझ्याकडे प्रशिक्षणाला येणाऱ्या नव्या सिस्टर-ब्रदरपैकी बऱ्याच जणांनी कोरोना घरात बसून, ऑनलाइन कॉलेज करत पाहिला. हात धुण्याच्या पायऱ्या त्यांना पाठ आहेत. २०२० मध्ये आम्हालाही पाठ होत्या, तरी लागण झालीच. म्हणून नाशिक जिल्ह्यात तेव्हा ड्युटी केलेल्यांना विचारतेय, नेमके कुठे चुकलात, कशामुळे वाचलात? शौर्यकथा नकोत. दवाखान्याचं नाव घालू नका.

मीच सुरुवात करते. मे २०२०. पीपीई किटमध्ये सहा तास, घाम पाठीवरून उतरून बुटात साचलेला. डॉफिंगच्या, म्हणजे किट काढायच्या खोलीत भिंतीवर क्रम लावलेला होता, मास्क सगळ्यात शेवटी, प्रत्येक टप्प्याला हात सॅनिटायझरने चोळायचे. गॉगल काढला आणि नाकावर जिथे तो रुतला होता तिथे अशी खाज सुटली की ग्लोव्हजचाच हात वर गेला. गेल्यावर कळलं. पाचव्या दिवशी घसा धरला. कारण तेच होतं, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण परत ड्युटीवर आल्यावर आम्ही एक नियम केला, एकटीने किट काढायचं नाही. दुसरी लांब उभी राहून बघणार आणि हात वर गेला की नुसतं ओरडणार, "हात!"

नाइट ड्युटी
ताई, आमच्याकडे वॉर्डात कुणाला झाला नाही, चेंजिंग रूममध्ये झाला. खिडकी नसलेली खोली, चौघी जणी, एकीने आणलेले पोहे, चौघींचे मास्क खाली. मैत्रिणीसमोर भीती वाटत नाही ना! तिघी पॉझिटिव्ह. मी वाचले, कारण फोन आला म्हणून डबा घेऊन जिन्यात गेले होते. नंतर सगळ्यांनी पाळीपाळीने गच्चीवर जेवायचं ठरलं. एकटीने डबा खायचा फार कंटाळा यायचा, खरं सांगते.

वॉर्डमामा
आमाला कुनी टरेनिंग दिलं नवतं. हायपोचा, म्हंजे जंतू मारायच्या औषधाचा कॅन आला, त्यावर ५ टक्के लिवलेलं. पुसायला १ टक्का लागतो हे मला सिस्टरनी सांगितलं, एक मग हायपो, चार मग पाणी. रोजचं रोज करायचं, उन्हात ठेवायचं नाही, ताकद जाते. माझ्या जोडीदाराने संडासात आधी ॲसिड टाकलं नि वरून हायपो. जो वास उठला, दोघं खोकत बाहेर. तेवापासून ॲसिडची बाटली कुलपात. वापरलेलं किट, मास्क पिवळ्या पिशवीत, ती पन दुहेरी. लोकं पिशवीचं तोंड बांधायची नाहीत. पिशवी उचलायला येनार कोन? मीच ना.

व्हीटीएम
मी लॅबवाला. सुरुवातीला आपले स्वॅब पुण्याला एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्था) जायचे. तीन थरांचं पॅकिंग, आत बर्फाचे पॅक. एकदा डबा उघडून फेरतपासणी केली तर एका ट्यूबचं झाकण तिरपं बसलेलं, पाझरलेलं. घाईत फिरवलं की आटे चुकतात. वर पॅराफिल्म, म्हणजे ताणून चिकटणारी पट्टी, गुंडाळायला दहा सेकंद लागतात. त्या दिवसापासून मी ती दहा सेकंद कुणाच्याही बापाला वाचवू दिली नाहीत.

डोंगरची आशा
मी पेठ तालुक्यातली. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा सर्व्हे, सप्टेंबर २०२०. बाया नागलीच्या निंदणीवरून ओल्या हाताने यायच्या, ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन ८७ टक्के दाखवायचा. पहिल्या दिवशी मी एका आजीला घाबरवूनच टाकलं. मग हात कोरडे करून, चोळून गरम केले, ९७! नेलपॉलिश असली तरी तसंच चुकतं. एकच मशीन अख्ख्या पाड्याला, म्हणून दर बोटानंतर स्पिरिटचा कापूस. कापूस संपला तेव्हा जुनी सुती साडी धुऊन तिचे तुकडे केले. लोक मला बघून मागच्या दाराने शेतात जायचे, ते वेगळंच.

पंचवटीचा जीपी
लाज वाटते, पण लिहितो. तीन महिने घरी आलेल्या भाज्या सोड्याच्या पाण्यात धुतल्या, चपला बाहेर ठेवल्या, नोटांवर इस्त्री फिरवली. आणि क्लिनिकमध्ये? एसी चालू, दार बंद, समोर खोकणारा पेशंट. रोग हवेतून पसरतो हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला. शेवटी एसी बंद केला, खिडकी उघडली, पेशंटच्या पाठीमागे एक्झॉस्ट बसवला. सगळ्यात स्वस्त उपाय, सगळ्यात उशिरा केला.

नाइट ड्युटी
डॉक्टर, आणि लस? १६ जानेवारी २०२१ ला आपलं लसीकरण सुरू झालं. पहिला डोस घेऊन आठवडा झाला नाही, तर निम्म्यांचे मास्क हनुवटीवर. दुसरा डोस अजून बाकी! मार्चमध्ये परत वॉर्ड भरले.

नवीन जॉइन
मी २०२४ ला लागलो. एन-९५ नीट बसलाय हे कळतं कसं? मला नेहमी बरोबरच वाटतो.

धागाकर्ती
नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाब, एका हाताच्या चिमटीने नाही, मध्ये पोकळी राहते. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोड. डोळ्यांकडे किंवा गालावर वारा लागला, चष्म्यावर वाफ आली, तर परत बसव. दाढी आहे का तुला? तिच्यामुळे मास्क घट्ट बसत नाही.

नवीन जॉइन
आहे. लग्न आहे डिसेंबरात.

वॉर्डमामा
मग लगीन लावून ये नि दुसऱ्या दिवशी काढ.