पेस्टी आणि खिमा पॅटिस

‘दुकानातली कॉर्निश पेस्टी म्हणजे आपल्या बेकरीतले खिमा पॅटिसच, फक्त आकाराने मोठे’ हे आपले मत मला अर्धेच पटते. पॅटिसमधला खिमा आधी मसाल्यात शिजवून मग पदर सुटणाऱ्या आवरणात भरला जातो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यातल्या या पेस्टीत मात्र गोमांसाचे तुकडे, बटाटा, कांदा आणि सलगमाच्या जातीचा स्वीड हा कंद असे सारे कच्चेच भरून, करंजीप्रमाणे कडेला मुरड घालून ती संथपणे भाजतात, त्यामुळे मांसाचा रस बटाट्यात मुरतो आणि मीठ-मिरपुडीपलीकडे मसाल्याची गरज राहत नाही. (आमच्या घरी तरीही लसणाची चटणी लागतेच!) कॉर्नवॉलच्या कथील-तांब्याच्या खाणींत कामगार हीच पेस्टी दुपारचे जेवण म्हणून नेत असत, तेव्हा तिला मधल्या वेळचे खाणे म्हणणे मला थोडे अन्यायाचे वाटते.

२०११ साली तिला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानुसार ‘कॉर्निश’ म्हणवणारी पेस्टी कॉर्नवॉलमध्येच तयार झालेली असावी लागते आणि तिच्यात किमान १२.५ टक्के गोमांस असावे लागते. म्हणून वेष्टनावरील घटकांची यादी वाचूनच ती घ्यावी. पेस्टी गार झाली असेल, तर मायक्रोवेव्हमध्ये आवरण मऊ पडते. त्याऐवजी ती ओव्हनमध्ये गरम केलेली बरी.