शब्दचर्चा : ‘बनावट’, ‘बनावटीचा’ आणि पुन्हा बांधलेला पियानो

प्रश्न : जुन्या पियानोचा साउंडबोर्ड (नाद वाढवणारी लाकडी फळी), पिनब्लॉक (तारा ताणणाऱ्या खुंट्यांचा लाकडी ठोकळा), तारा आणि हातोड्या बदलल्यावर पट्ट्यांवरील झाकणावर मूळ कंपनीचे नाव पुन्हा सोनेरी अक्षरांत उमटवतात. अशा वाद्याला ‘स्टाइनवे बनावटीचा पियानो’ म्हणावे काय? ‘बनावट’ हा शब्द वाचून उगाच संशय येईल, असे वाटते.

उत्तर : संशयाचे निराकरण व्याकरणच करते. ‘बनावट’ हे स्त्रीलिंगी नाम ‘घडण’ या अर्थी येते आणि षष्ठीचा प्रत्यय घेते : ‘जर्मन बनावटीचा पियानो’. तोच शब्द प्रत्ययावाचून विशेषण झाला की खोटेपणा दाखवतो : ‘बनावट नोटा’. (‘बनवणे’ या क्रियापदातही घडवणे आणि फसवणे शेजारीशेजारी नांदतात.)

माझी अडचण निराळी आहे. ‘बनावटीचा’ हा शब्द घडण कोणाची ते सांगतो, आणि येथे तीच दुभंगलेली असते; कारण बिडाची चौकट, तिच्यावरचे ओतीव नाव आणि बाहेरचे लाकडी अंग मूळचे राहिले, तरी ज्या भागांतून नाद उमटतो ते दुसऱ्याच कार्यशाळेचे असू शकतात. बाहेरचे सुटे भाग घातलेल्या स्टाइनवेला इंग्रजीभाषक व्यावसायिक थट्टेने ‘स्टाइनवॉज’ म्हणतात. ‘स्टाइनवे होता’ अशी ती कोटी आहे. म्हणून ‘मूळ बनावट स्टाइनवेची, पुनर्बांधणी अमक्याची’ असे दोन्ही सांगावे. ‘जीर्णोद्धार’ मात्र टाळावा, कारण त्या शब्दात गाभाऱ्यातली मूर्ती तीच असल्याचे गृहीत असते.

पुरवणी : ‘छाप’ हा शब्दही विचारात घ्यावा. एका कारखान्यात घडलेल्या पियानोवर विक्रेत्याचे नाव घालण्याची प्रथा जुनी आहे. तेथे बनावट एकाची आणि छाप दुसऱ्याची असते. शिवाय नाव खरे असले म्हणजे ते वापरता येतेच असे नाही. स्टाइनवे घराण्याचे मूळ आडनाव स्टाइनवेग. त्यांचा थोरला मुलगा जर्मनीत चालवत असलेला व्यवसाय 1865 मध्ये ग्रोट्रियान आणि त्यांच्या भागीदारांकडे गेला. पुढे त्यांच्या वारसांच्या ‘ग्रोट्रियान-स्टाइनवेग’ या छापेला स्टाइनवे कंपनीने अमेरिकेत हरकत घेतली आणि 1975 मध्ये तेथील अपील न्यायालयाने ती मान्य केली. त्या पियानोंना ‘बनावट’ म्हणणे मात्र सरळ चूक ठरेल.