घर विकत घ्यायला संस्थेने कर्ज काढावं, की पंचवीस वर्षांच्या लीजवर सही करावी? (बर्मिंगहॅम)

मिरजेची_खजिनदार

नमस्कार मंडळी. मूळची मिरजेची, एकोणीस वर्षं बर्मिंगहॅममध्ये. मानसोपचार वॉर्डातून सुट्टी मिळालेल्या पण जायला घर नसलेल्या माणसांना खोली आणि सोबतीला सपोर्ट वर्कर देणाऱ्या एका छोट्या संस्थेची मी खजिनदार आहे. झाले कशी, तर मीटिंगला वीस मिनिटं उशिरा पोचले, तोवर निवड उरकली होती.

आमची दोन भाड्याची घरं, नऊ खोल्या. पाच खोल्यांच्या घराच्या मालकाला आता घर विकायचंय. घ्यायचं तर आधी तुम्ही घ्या, म्हणतो. दोन रस्ते आहेत.

एक, सामाजिक कामाला कर्ज देणारी बँक २,८०,००० पौंड देतेय. साडेसात टक्के, २५ वर्षं, हप्ता महिन्याला साधारण २,०७०. वरचे पैसे आमच्या गंगाजळीतून, ती जवळजवळ रिकामी होईल.

दोन, एक गुंतवणूक फंड घर विकत घेऊन आम्हाला २५ वर्षांच्या लीजवर देईल. आमचा एक पौंडही लागणार नाही. पण भाडं दर वर्षी महागाईच्या दराने वाढणार आणि छपरापासून बॉयलरपर्यंत दुरुस्ती आमच्या गळ्यात. माहितीपत्रक मात्र इतकं गुळगुळीत की हातातून निसटतं.

बाकीचे विश्वस्त दुसऱ्याकडे झुकलेत, कारण 'कर्ज' शब्दालाच भितात. मला लीजची भीती वाटते, पण ती आकड्यात मांडता येत नाहीये.

घाई का, तेही सांगते. त्या घरातला एक गृहस्थ आला तेव्हा तीन आठवडे बूट घालूनच झोपायचा, बॅग उशाला. चौथ्या आठवड्यात सपोर्ट वर्करचा मला मेसेज आला, 'शूज ऑफ'. बस्स, एवढाच. घर विकणार हे कळल्यापासून बूट परत पायात आहेत.

चार_आठवडे_मागे

मी दुसऱ्या एका कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) हाउसिंग बेनिफिट विभागात आहे, गरजूंच्या भाड्याची सरकारी मदत आम्ही देतो. पैसा कुणाचा हे नंतर बघा, भाडं कोण भरणार ते आधी. तुमच्या रहिवाशांचं भाडं युनिव्हर्सल क्रेडिटमधून (नेहमीच्या सरकारी भत्त्यातून) नाही, हाउसिंग बेनिफिटमधून येत असणार. ते दर चार आठवड्यांनी, तेही मागून. खोली रिकामी तर शून्य. आणि त्यातून सपोर्ट वर्करचा पगार निघत नाही, तो वेगळा शोधावा लागतो. २००३ पासून सरकार त्यासाठी कौन्सिलांना राखीव पैसे द्यायचं, २००९ मध्ये ते राखीवपण गेलं आणि पुढे पैसा आटत गेला.

दुसरी गोष्ट तुमच्या माहितीपत्रकात नक्की नसेल. संस्था नियामकाकडे नोंदलेली हाउसिंग प्रोव्हायडर (घरं पुरवणारी) नसेल, तर रेंट ऑफिसर हा सरकारी अधिकारी भाड्याचा जो आकडा ठरवतो, त्याच्या वरच्या रकमेपैकी सरकार कौन्सिलला ६० टक्केच परत देतं, तेही रहिवासी दुर्बल गटातला असेल तर. बाकीचं कौन्सिलच्या खिशातून. म्हणून आम्ही एवढे खडूस. भाडं महागाईने वाढवायचं लीजमध्ये लिहाल, पण ते मंजूर करायचं आमच्यावर बंधन नाही. सही करण्याआधी तुमच्या कौन्सिलला लेखी विचारा. तुमच्या शहरात 'एक्झेम्प्ट' (भाड्याच्या नेहमीच्या मर्यादेतून सूट असलेली, सपोर्टसह घरं) म्हटलं की शेजारी दारं लावून घेतात. २०२३ चा सपोर्टेड हाउसिंगचा कायदा त्या गोंधळातूनच आलाय.

आकडेमोड_क्रॉयडन

ताई, तुमची भीती बरोबर आहे. ती आकड्यात अशी मांडा: ऑक्टोबर २०२२ मध्ये इथली महागाई ११.१ टक्के होती. वाढीला कमाल मर्यादा नसेल तर त्या एका वर्षाची वाढ पुढची सगळी वर्षं भरत बसायची. फर्स्ट प्रायॉरिटी ही हाउसिंग असोसिएशन (गरजूंना भाड्याने घरं देणारी संस्था) २०१८ मध्ये असल्याच लांब लीजांखाली मोडकळीला आली, आणि २०१९ मध्ये नियामकाने या पद्धतीवरच बोट ठेवलं. बेघरांच्या घरांसाठी शेअर बाजारात उतरलेल्या होम रीट या गुंतवणूक कंपनीच्या शेअरचे व्यवहार जानेवारी २०२३ मध्ये थांबवले गेले. लीज हेही कर्जच, फक्त त्याच्या शेवटी घर आपलं होत नाही.

सगळी सामाजिक गुंतवणूक अशी नसते हो. मेनकॅप या बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या संस्थेच्या गोल्डन लेन हाउसिंगने २०१३ मध्ये चार टक्क्यांचे एक कोटी पौंडांचे रोखे काढले, अशा माणसांसाठी घरं घेतली. पण त्यांच्यामागे शेकडो घरांचं भाडं होतं. तुमच्यामागे नऊ खोल्या.

आणि गहाणखतापूर्वी चॅरिटी कायद्याच्या कलम १२४ प्रमाणे लेखी सल्ला घ्यायला विसरू नका.

औंधची_आई

वाचून हेवा वाटला. माझा मुलगा सत्तावीस वर्षांचा, बौद्धिक अक्षमता. आम्ही सात कुटुंबं मिळून आमच्यामागे मुलांना राहता येईल असं घर करू बघतोय. इथे महाराष्ट्रात विश्वस्ताने कर्ज घ्यायचं तर ट्रस्ट कायद्याच्या कलम ३६ अ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी. ती मिळेलही, पण फेडायचं कशातून? हाउसिंग बेनिफिटसारखं काही नाही, पेन्शनी आहेत. सोशल स्टॉक एक्स्चेंजचंही (सामाजिक संस्थांना पैसे उभारता यावेत म्हणून शेअर बाजारात केलेला विभाग) बघितलं. तिथल्या झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल रोख्यात व्याजही नाही आणि मुद्दलही परत द्यायचं नाही. म्हणजे देणगीच की, फक्त डिमॅट खात्यातून!

मिरजेची_खजिनदार

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून केलं. हप्ता पाच खोल्यांवर वाटला तर खोलीमागे आठवड्याला साडेपंचाण्णव पौंड, चारच भरल्या तर ११९. गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं, तर पाचही खोल्या भरलेल्या फक्त एकतीस आठवडे. एक खोली नुसत्या कार्पेटसाठी सहा आठवडे अडली होती. म्हणजे हिशोब चारचाच धरायचा, आणि चारवर कर्ज जेमतेम बसतं, लीज तिसऱ्या वर्षी बसत नाही.

बँकेला विचारलंय, पहिले सहा महिने नुसतं व्याज घ्याल का, म्हणजे गंगाजळी तळाला जाणार नाही. कौन्सिललाही मेल गेली. मीटिंग गुरुवारी. यावेळी वेळेवर जातेय.

औंधच्या ताई, तुम्हाला व्यनि केलाय. सात घरांचा महिन्याचा खर्च एका कागदावर मांडून पाठवा, माणसांचे पगार वेगळे लिहा.