पायाची जाड, वाकडी नखं: तुमच्या घरी कुणाची?

काल सासऱ्यांचे मोजे वाळत घालताना अंगठ्याशी भोक दिसलं आणि एकदम आजी आठवली. नौपाड्याच्या चाळीत राहायची, अंगठ्याचं नख मेंढ्याच्या शिंगासारखं वळून शेजारच्या बोटावर चढलेलं. नेलकटरात मावायचंच नाही. रविवारी गरम पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून बसायची, मग बाबा कानस घेऊन घासायचे, लादीवर पिठासारखी पूड. आम्हाला वाटायचं म्हातारपण, दुसरं काय. सासऱ्यांची डॉक्टर म्हणाली वय आहेच, पण घट्ट बूट, जुना मार, पायाला रक्त कमी पोचणं आणि वाकता येत नाही म्हणून वेळेवर न कापणं, हे पण. लिहा तुमचं.

*ऐरोली_लोकल:* माझी बुरशी!! पावसाळाभर ओले बूट घालून ऑफिस. नख पिवळं, खालून भुगा. वर्षभर केमिस्टचं मलम चोळत बसले 🤦 मग स्किनवालीने नखाचा तुकडा तपासायला पाठवला, आधी लिव्हरची टेस्ट आणि १२ आठवडे गोळ्या. गोळ्या संपल्या तरी नख तसंच, भांडायलाच गेले तिच्याशी. म्हणे महिन्याला जेमतेम दीड मिमी वाढतं, अंगठ्याचं अख्खं नख बदलायला वर्ष-दीड वर्ष धरा.

*कडीपत्ता:* नौपाड्यात कुठे गं? आम्ही पण तिथलेच

*साधामाणूस:* १९९८, गॅसचा सिलिंडर अंगठ्यावर. नख गेलं, आलं ते कांद्यासारखं थरांचं. अजून तसंच आहे, बायको म्हणते याने नारळ सोल.

*वाशीकर:* 😂😂

*पोळीभाजी:* सगळ्यांना बुरशीच असते असं नाही हां. माझ्या दादाने बुरशीचं औषध घेतलं, निघाला सोरायसिस. हाताच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे होते, कुणी बघितलेच नाहीत.

*दुपारचीझोप:* शुगरवाल्यांनी घरी कापू नका प्लीज. पप्पांनी ब्लेड लावलं, कापलं ते कळलंच नाही, चादरीवर रक्त बघून आई ओरडली. दोन महिने ड्रेसिंग. कुकर लावलाय, नंतर लिहिते

*कडीपत्ता:* अगं सांग ना कुठे, मामलेदार मिसळ आठवली बघ

*वाशीकर:* विषय नखांचा आहे, मिसळ कुठून आली 🤢

*धागा काढणारी:* कडीपत्ता, विष्णूनगर. दुपारचीझोप, बाप रे, काळजी घ्या. सासरे डॉक्टरकडूनच कापून घ्यायला तयार झालेत. उद्याची वेळ मिळत होती, पण उद्या शनिवार, शनिवारी नखं काढायची नाहीत म्हणे. आता सोमवारी.