नाशिकच्या चित्रपट-इतिहासात कमलाबाई गोखले यांचे स्थान कोणते?

गोदाकाठची
नाशिकमध्ये मूकपटांचा विषय निघाला की बोलणे दादासाहेब फाळके यांच्यापासून सुरू होते आणि त्यांच्यापाशीच थांबते. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांना करावी लागली, कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला एकही स्त्री तयार नव्हती. त्यानंतर फाळके नाशिकला आले आणि येथे तयार झालेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, तर त्यांची किशोरवयीन मुलगी कमला मोहिनी झाली. पतीपासून वेगळे होऊन नाटक मंडळीच्या आधाराने मुलीला वाढवणाऱ्या दुर्गाबाईंना लोकनिंदा नवी नव्हती. तरीही त्यांनी मुलीला सोबत घेऊन हे पाऊल उचलले, याचे मोल मला फार वाटते. पडद्यावरच्या या पहिल्या दोन स्त्रियांची नावे आपल्या शहरात एखाद्या फलकावर ठळकपणे कोरली जावीत, असे माझे ठाम मत आहे.

पंचवटीकर
आपल्या भावनेचा आदर राखून मी असहमती नोंदवतो. कमलाबाईंचे आयुष्य रंगभूमीवर गेले. पती रघुनाथराव गोखले यांच्या अकाली निधनानंतर मुलांचा सांभाळ त्यांनी नाटकांच्याच बळावर केला आणि प्रसंगी पुरुषांच्या भूमिकाही वठवल्या. त्यांना ‘पहिली नायिका’ एवढ्या एकाच बिरुदात बसवणे हा त्यांच्या श्रमांवर अन्याय आहे. शिवाय त्या चित्रपटाने वाट मोकळी झाली असेही दिसत नाही, कारण 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका पुन्हा साळुंके यांनीच केल्या. नाशिकला अभिनेत्रीच आठवायची असेल, तर दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी फाळके आठवावी. 1919 च्या ‘काळिया मर्दन’च्या आरंभी ही जेमतेम सात वर्षांची मुलगी केवळ चेहऱ्याने एकामागून एक भाव दाखवते आणि मग तीच कृष्ण होते. हे काम आजही डोळ्यांनी पाहता येते. ‘मोहिनी भस्मासुर’ मात्र आज उपलब्ध नाही.

गोदाकाठची
चित्रपट उरला नाही, हा दोष कमलाबाईंचा कसा? चार वर्षांनंतरही सीता पुरुषालाच करावी लागली, हे आपणच सांगितले. मला तर त्यावरूनच या मायलेकींचे धैर्य किती विरळा होते ते कळते. रंगभूमीबद्दलचे आपले म्हणणे मात्र मला मान्य आहे. फलकावर मोहिनीच्या जोडीने त्यांच्या नाट्यसेवेचाही उल्लेख हवा, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

सिडकोवासी
मंदाकिनीला घरातूनच पाठबळ होते, कारण वडील दिग्दर्शक होते आणि फिल्म धुण्याच्या कामापर्यंत आई सरस्वतीबाईंचे हात लागलेले होते. तिचे कसब त्यामुळे कमी ठरत नाही, परंतु तिची तुलना कामत मायलेकींशी करणे मला पटत नाही. लोकांचे बोलणे ज्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले, त्यांचे नाव आधी यावे.

पंचवटीकर
क्रमाबद्दलचा आपला मुद्दा मी स्वीकारतो. तरी मंदाकिनीचे नाव वगळलेला फलक मला अपुराच वाटेल.